उताणी झोप आणि कोंडणारा श्वास : शेजारी जागणाऱ्याची साक्ष

१/
आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, हे परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही वारकरी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. मधली एक तिथी मात्र सहसा विसरली जाते. भाद्रपद शुद्ध एकादशीला शेषावर निजलेले विष्णू कूस बदलतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिचे नाव परिवर्तिनी. निजलेल्या देवाच्या कूस बदलण्यालाही पंचांगात जागा देणाऱ्या समाजाला झोपेतल्या देहस्थितीचे भान नक्कीच होते. मग उताण्या झोपेत माणसाचा श्वास कोंडतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात ठामपणे लिहिले जायला विसावे शतक सरत का यावे लागले? हा थ्रेड त्या विलंबाचा आहे.

२/
आधी रोगाचे स्वरूप. जागेपणी घशाची वाट स्नायूंच्या ताणामुळे उघडी राहते. झोपेत हे स्नायू सैलावतात. माणूस उताणा असेल तर जिभेचे मूळ आणि मऊ टाळू स्वतःच्याच वजनाने मागे सरकतात. वाट अरुंद झाली की आत जाणाऱ्या हवेने हे मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की घोरणे थांबते. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताणले जातात आणि मोठ्या घुरक्यासह श्वास सुरू होतो. वैद्यकात याला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात, मराठीत निद्राश्वासरोध.

३/
श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर त्याची एक नोंद धरतात. अशा नोंदी तासाला ५ पेक्षा कमी असतील तर चिंता नसते. ३० किंवा त्याहून अधिक असतील तर रोग तीव्र समजतात. तीव्र रोगाच्या माणसाचा श्वास एका रात्रीत शेकडो वेळा अडतो, आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. डोके जड असते, दिवसा पेंग येते, रक्तदाब वाढलेला सापडतो, इतकेच. रात्री काय घडले ते शेजारी जागणाऱ्याला ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा रोग म्हणूनच साधनांचा प्रश्न वाटावा : येथे रोगी स्वतःचा साक्षीदार असूच शकत नाही. साक्ष नेहमी दुसऱ्याची.

४/
निजण्याच्या स्थितींचे एक फार जुने वर्गीकरण पाली साहित्यात आहे. अंगुत्तर निकायात शय्येचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रेते बहुधा उताणी असतात, सुखोपभोगात रमलेले लोक डाव्या कुशीवर निजतात, सिंह उजव्या कुशीवर निजतो, आणि चौथी शय्या तथागताची, म्हणजे ध्यानाची. पालीतला ‘उत्तान’ आणि मराठीतला ‘उताणा’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. या वर्गीकरणामागे नीतीचा आणि साधनेचा विचार आहे, वैद्यकाचा नाही. तरीही उताणी स्थिती मृताची आणि कुशीची स्थिती जिवंताची, ही विभागणी लक्षात राहण्याजोगी आहे.

५/
या सिंहशय्येचे भव्य शिल्प मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेली महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे. बुद्ध उजव्या कुशीवर निजले आहेत, उजवा हात उशीशी आणि डावा देहावर सरळ ठेवलेला. खाली शोकाकुल शिष्यांची रांग आहे. निजलेला शांत आहे. काय घडते आहे ते भोवतीच्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचावे लागते.

६/
मराठी घराला याहून जवळचा शब्द आहे वामकुक्षी. जेवणानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर लवंडावे, हा सल्ला सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मिळतो. तिथे हेतू अन्न नीट पचावे हा आहे. श्वासाचा उल्लेख नाही. मराठीत हळूहळू ‘वाम’ आणि ‘कुक्षी’ या दोन्हींचा अर्थ मागे पडला. आज दुपारी उताणा पडून घोरणाराही ‘जरा वामकुक्षी घेतली’ असे सहज सांगतो. शब्द टिकला, त्यातली सूचना गळाली.

७/
श्वासाचा उल्लेख त्याच सुश्रुतसंहितेत वेगळ्या ठिकाणी येतो. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात अतिस्थूल माणसाला जडणाऱ्या व्याधींची यादी आहे. थोड्या श्रमाने लागणारी धाप, तहान, भूक, अतिझोप, घाम, अंगाला येणारा दुर्गंध, आणि त्यांच्या सोबतीला एक दुर्मीळ शब्द : ‘क्रथन’. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात सुश्रुताच्या आधाराने या शब्दाचा अर्थ श्वास अचानक खंडित होणे, असा दिला आहे. लठ्ठपणा, अतिझोप आणि अचानक कोंडणारा श्वास ही तीन लक्षणे एकाच यादीत आली आहेत. माधवनिदानातल्या मेदोरोगाच्या वर्णनातही हा शब्द आढळतो.

८/
येथे सावधपणा हवा. ‘आमच्या पूर्वजांनी स्लीप अ‍ॅप्निया शोधला होता’ असे विधान समाजमाध्यमांवर लगेच लोकप्रिय होईल, पण ग्रंथ तेवढे सांगत नाही. क्रथन झोपेतच होते, असे त्या यादीत म्हटलेले नाही. ते उताणे निजल्याने वाढते, असेही नाही. डाव्या कुशीचा सल्ला एका अध्यायात आणि कोंडणारा श्वास दुसऱ्या अध्यायात. दोहोंना जोडणारे वाक्य तिथे नाही. निरीक्षण होते, नाव होते, पण कारण आणि उपाय यांची साखळी जुळलेली नव्हती. इतिहासात एवढेच म्हणता येते, आणि तेही थोडके नाही.

९/
झोपेची नोंद दुसऱ्याच्याच तोंडून होते, याचे मराठीतले आद्य उदाहरण लीळाचरित्र होय. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष सहवासात राहिलेल्यांकडून गोळा केल्या. त्यांत स्वामींचा ‘पहुड’, म्हणजे निजणे, आणि ‘उपहुड’, म्हणजे उठणे, पुन्हा पुन्हा येतात. त्याच महानुभाव परंपरेतला ‘शिशुपाळवध’ लिहिणारा भास्करभट्ट हा आजच्या परभणी जिल्ह्यातल्या बोरीचा. या वाङ्मयात रोगाची चर्चा शोधणे व्यर्थ आहे. मात्र निजलेल्या माणसाविषयी जागणाऱ्याने सांगितलेले ग्राह्य धरायचे, ही शिस्त त्यात दिसते. वैद्यकाने ती पुढे कितीतरी काळ पाळली नाही.

१०/
का पाळली नाही? एक कारण घोरण्याच्या सामाजिक स्थानात आहे. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री घरची माणसे माळवदावर किंवा अंगणात बाजा टाकून ओळीने निजत. कोण घोरतो, हे साऱ्या गल्लीला माहीत असे. ‘अवो, कुशीवर व्हा’ हा अंधारातला आवाज हा या रोगावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वापरलेला उपाय असावा. पण घोरणे ही थट्टेची बाब होती. घोरणारा कुंभकर्ण ठरे. गाढ झोपेचे आणि भरल्या पोटाचे लक्षण म्हणूनही त्याकडे कौतुकाने पाहिले जाई. ज्याची थट्टा होते त्याची नोंद होत नाही.

११/
युरोपातही हेच घडले. १८३६-३७ मध्ये चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातला जो नावाचा लठ्ठ पोऱ्या उभ्या-उभ्या झोपतो, दार वाजवता-वाजवता झोपतो, आणि घोरतो. वाचक पोट धरून हसले. डिकन्सने पात्र विनोदासाठी रंगवले. पण त्याचे निरीक्षण इतके अचूक होते की शंभरावर वर्षांनी डॉक्टरांनी एका विकाराला त्या कादंबरीचेच नाव दिले. तोवर तो मुलगा आळशी आणि खादाड एवढाच होता.

१२/
थट्टेपलीकडे जाऊन पाहणारा एक डॉक्टर १८७७ मध्ये भेटतो. विल्यम ब्रॉडबेंट या इंग्रज वैद्याने ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मेंदूतल्या रक्तस्रावाविषयी लिहिताना ओघात एक निरीक्षण नोंदवले. उतारवयाचा माणूस उताणा, गाढ झोपेत, मोठ्याने घोरत असला की अधूनमधून घशातला अडथळा श्वासाला ओलांडता येत नाही. दोन-तीन-चार श्वासांइतका वेळ पूर्ण शांतता पसरते, छाती निष्फळ हलत राहते, आणि शेवटी मोठ्या आवाजासह हवा आत शिरते. उताणी स्थिती, घोरणे, शांतता, निष्फळ धडपड, सुटका : आज पाठ्यपुस्तकात असणारा सगळा क्रम या वर्णनात आहे. पण लेखाचा विषय वेगळा होता. निरीक्षण तिथेच पडून राहिले.

१३/
याच सुमारास श्वासाचा प्रश्न दख्खनमध्ये वेगळ्या वाटेने आला. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो त्या राज्यातच राहिला. संस्थानाच्या राजधानीत १८८५ पासून एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन होते. प्रश्न क्लोरोफॉर्मचा होता. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेले काही रोगी टेबलावरच दगावत. आधी हृदय थांबते की आधी श्वास? लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य. साइम यांची शिकवण अशी, की क्लोरोफॉर्म देणाऱ्याने नाडी धरून बसू नये. नजर श्वासावर ठेवावी.

१४/
१८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्याने निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊ केले आणि लॅन्सेटने आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचवले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले, दुसरा आयोग बसला, आणि निष्कर्ष तोच आला. याच काळात हैदराबादच्या वैद्यक शाळेत शिकलेल्या रुपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. बेशुद्ध रोग्याच्या उशाशी बसून त्याचा एकेक श्वास पाहणे, हेच त्यांच्या कामाचे मर्म होते.

१५/
आयोगाचा निष्कर्ष पूर्ण खरा ठरला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवले की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके विस्कटून अकस्मात मृत्यू येऊ शकतो. तरीही श्वास पाहण्याची सक्ती टिकली, आणि तिच्यासोबत एक कौशल्यही. भुलीत जीभ मागे पडते, घसा मिटतो. म्हणून खालचा जबडा पुढे ओढायचा, मान मागे झुकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भूल देणाऱ्यांच्या हाताला सरावाचे झाले होते. घसा मिटण्याची क्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज दिसत होती. तीच क्रिया घरोघरच्या अंथरुणांवर घडत असेल, हा विचार मात्र कोणी लावून धरला नाही.

१६/
त्या विचाराच्या सर्वांत जवळ आले इंग्लंडमधले रॉबर्ट बोल्स. पक्षाघाताच्या झटक्याने बेशुद्ध पडलेल्यांचा घुरघुरता श्वास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तो घरघराट मरणाची खूण मानला जाई आणि नातलग आशा सोडत. बोल्स यांनी दाखवले की अशा रोग्याला कुशीवर वळवले की जीभ पुढे येते, आवाज थांबतो, आणि कित्येकदा रोग्याची प्रकृतीही सुधारते. १८९१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. आज प्रथमोपचाराच्या वर्गात बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवायला शिकवतात, त्या पद्धतीचा उगम शोधताना बोल्स यांचे नाव येते. जिला मरणघरघर म्हणून सोडून दिले जाई, ती काही वेळा निव्वळ चुकीच्या निजण्याची घरघर होती.

१७/
म्हणजे एकोणिसावे शतक संपताना सगळे तुकडे टेबलावर होते. ब्रॉडबेंट यांचे वर्णन, भूलतज्ज्ञांचे कौशल्य, बोल्स यांचा उपाय. ते जोडले गेले नाहीत, कारण दवाखाना दिवसा चाले आणि रोग रात्री. डॉक्टरसमोर येणारा माणूस जागा असे. १९५६ मध्ये सिडनी बर्वेल आणि सहकाऱ्यांनी डिकन्सच्या कादंबरीवरून ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव रूढ केले. त्यांचा रोगी एक लठ्ठ व्यावसायिक होता. पत्त्यांच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तो डाव लावण्याआधीच झोपी गेला. दिवसाच्या त्या पेंगेचा दोष डॉक्टरांनी रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर ठेवला. त्या माणसाची रात्र कशी जाते, हे नीट पाहिले गेले नाही.

१८/
रात्र पाहिली गेली १९६५ मध्ये. फ्रान्समध्ये मार्सेय येथे आंरी गास्तो आणि सहकाऱ्यांनी, व जर्मनीत युंग आणि कूलो यांनी स्वतंत्रपणे, निजलेल्या रोग्यांच्या मेंदूलहरी आणि श्वास एकत्र नोंदवले. श्वास वारंवार थांबत होता, आणि प्रत्येक वेळी मेंदू जागा होत होता. दिवसाची पेंग त्या तुटलेल्या झोपेची वसुली होती. पुढे क्रिस्तियाँ गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम’ हे नाव दिले आणि हा रोग लठ्ठ नसलेल्यांनाही होतो हे दाखवले. बायका पिढ्यानुपिढ्या जे सांगत होत्या, ते यंत्राच्या कागदावर उमटल्यावर खरे ठरले.

१९/
उपाय आला तो मात्र भयंकर. १९६९ पासून तीव्र रोग्यांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनळी थेट उघडी करू लागले. प्राण वाचत, पण गळ्यात नळी घेऊन जगावे लागे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी लॅन्सेटमध्ये पाच रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नाकावर मुखवटा बसवून सतत दाबाने हवा सोडली की घसा मिटत नाही. हेच सीपॅप यंत्र. मध्यम आणि तीव्र रोगावर आजही तोच मुख्य उपचार आहे. गळ्यातले छिद्र आणि रात्रभर चालणारे यंत्र या दोन टोकांच्या मध्ये, निव्वळ कुशीवर वळण्याला जागा आहे का, हे अजून कोणी मोजले नव्हते.

२०/
१९८४ मध्ये ‘चेस्ट’ या अमेरिकी नियतकालिकात एक छोटे पत्र छापून आले. मथळ्याचा आशय असा : रुग्णाच्या पत्नीने त्याचे घोरणे बरे केले. तिने नवऱ्याच्या रात्रीच्या कपड्याला पाठीच्या बाजूने खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणे झाले की चेंडू टोचे, आणि माणूस न उठता कुशीवर वळे. या शोधाला सुई-दोऱ्यापलीकडे काही लागले नाही. वैद्यकाच्या वाङ्मयात हा उपाय आजही टेनिस बॉल तंत्र म्हणूनच ओळखला जातो. अंधारात हलवून उठवणाऱ्या हाताची साक्ष येथे प्रथमच नियतकालिकाच्या पानावर आली.

२१/
योगायोग असा की त्याच वर्षी शिकागोच्या रोझालिंड कार्टराइट यांचा शोधनिबंध आला. त्या मानसशास्त्रज्ञ, स्वप्नांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध. प्रयोगशाळेत निजलेल्यांच्या श्वासाच्या नोंदी त्यांनी देहस्थितीनुसार वेगळ्या काढल्या. अनेकांच्या बाबतीत उताणे असतानाचा आकडा कुशीवरच्या आकड्याच्या किमान दुप्पट होता. हीच दुप्पट पुढे ‘स्थितीनिगडित’ स्लीप अ‍ॅप्नियाची व्याख्या झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी छातीवर बांधायचे एक छोटे यंत्र वापरून पाहिले. माणूस उताणा राहिला की ते आवाज करी. बायकोच्या हाकेची जागा त्या यंत्राने घेतली.

२२/
असे रोगी किती? १९९७ मध्ये इस्राएलमधल्या ओक्सेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५७४ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ५५.९ टक्के स्थितीनिगडित निघाले. असे रोगी सरासरीने कमी वजनाचे होते आणि त्यांचा रोगही तुलनेने सौम्य होता. याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. अर्ध्याहून अधिकांना कुशीवर निजल्याने लक्षणीय आराम पडू शकतो. पण वजन फार असेल, रोग तीव्र असेल, तर घसा कुशीवरही मिटतो. तिथे चेंडूवर विसंबणे घातक ठरेल. आपण कोणत्या गटात आहोत, हे झोपेची चाचणीच सांगू शकते.

२३/
चेंडूची मर्यादाही लवकरच कळली. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे तंत्र सुचवलेल्या ६७ रोग्यांकडे सरासरी अडीच वर्षांनी चौकशी केली. फक्त चौघे ते वापरत होते. नऊ जणांना कुशीवर निजायची सवय लागल्यामुळे त्याची गरज उरली नव्हती. बाकीच्यांनी ते सोडून दिले होते. टोचणे, झोपमोड आणि अस्वस्थता ही त्यांची कारणे. म्हणून पुढे छातीवर किंवा मानेवर बांधायची हलकी कंपन-यंत्रे आली. ती टोचत नाहीत, उताणे होताच हळुवार थरथरतात.

२४/
भारतातल्या पहिल्या महत्त्वाच्या मोजण्यांपैकी एक महाराष्ट्रातली आहे. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना प्रश्न विचारले. ६५८ जणांनी उत्तरे दिली. २५० जणांची घरीच रात्रभर चाचणी झाली. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार झोपेतल्या श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के, आणि दिवसाच्या पेंगेसह असलेल्या रोगाचे ७.५ टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. शिवाय हा आकडा शहरी पुरुषांचा आहे. नवऱ्याचे घोरणे ऐकत जागणाऱ्या बाईचा स्वतःचा श्वास कसा चालतो, हा प्रश्न त्या मोजणीच्या बाहेर राहिला. गावाकडची माणसेही बाहेरच राहिली.

२५/
थट्टेची किंमत काय असते, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये साऱ्या देशाने वाचले. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचा उल्लेख केला. अनेक घरांत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. उपचाराविना राहिलेला हा रोग रक्तदाब आणि हृदयविकाराशी जोडलेला आहे. गाडी चालवताना लागलेली एक डुलकी तर आणखी कोणाचा जीवही घेऊ शकते.

२६/
शेवटची नोंद २००८ची. कॅनडातल्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारायचे चार प्रश्न निश्चित केले : मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा येतो का, रक्तदाब आहे का, आणि झोपेत तुमचा श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का? हैदराबादेतल्या क्लोरोफॉर्मच्या टेबलापासून निघालेला प्रश्न अशा रीतीने पुन्हा भूलतज्ज्ञांकडेच आला, आणि ‘कोणी पाहिले आहे का’ हे शब्द अधिकृत प्रश्नपत्रिकेत बसले. त्या प्रश्नाचे उत्तर रोग्याकडे नसते. घोरता-घोरता एखाद्याचा आवाज मध्येच बंद पडत असेल, तर ते ऐकणाऱ्याने त्याला आधी कुशीवर वळवावे, आणि सकाळी त्याच्यासोबत डॉक्टरकडे जाऊन ऐकलेले सांगावे.

(समाप्त)